एका रुग्णापासून सर्व रुग्णांपर्यंत : सामान्यीकरणाचा विचार

वैद्य रुग्णासमोर बसतो तेव्हा त्याच्यापुढे एकच व्यक्ती असते; चिकित्सा मात्र तो त्या एका व्यक्तीविषयीच्या ज्ञानावर करीत नाही. यापूर्वी पाहिलेले रुग्ण, गुरूंकडून ऐकलेले अनुभव आणि संहितांतील सूत्रे यांतून सिद्ध झालेला एखादा नियम तो या नव्या रुग्णाला लावून पाहत असतो. थोड्यांवरून सर्वांविषयी बोलण्याच्या या व्यवहारास सामान्यीकरण म्हणतात. गणिती हेच करतो, प्रयोगशाळेतील संशोधक हेच करतो आणि अलीकडे संगणकाला उदाहरणांवरून शिकविणारा अभियंताही हेच करतो. आपला नियम कोठपर्यंत पोहोचतो हे पारखण्याच्या त्यांच्या रीती मात्र निरनिराळ्या आहेत, आणि त्या रीतींपासून आपणास घेण्यासारखे बरेच आहे.

हा विषय वैद्यवर्गापुढे ठेवण्याचे कारण केवळ तात्त्विक नाही. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी आयुष मंत्रालयाने ‘देश का प्रकृति परीक्षण’ हे अभियान सुरू केले. मोबाइलवरील ॲपच्या साहाय्याने सव्वा कोटीहून अधिक नागरिकांच्या प्रकृतीची नोंद झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईत अभियानाच्या या पहिल्या टप्प्याचा समारोप झाला. या कामात आपल्यापैकी अनेकांनी व आपल्या विद्यार्थ्यांनी परिश्रम घेतले आहेत. आता जेथे वैद्य क्वचितच पोहोचतो तेथेही प्रकृती सांगणारे साधन पोहोचू शकते. यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय बाजूस, तेलंगणाच्या सीमेला लागून असलेला झरी जामणी तालुका उदाहरणादाखल घेऊ. कोलाम, गोंड, परधान या समाजांची येथे मोठी वस्ती. काळ्या मातीत कापूस, तूर, सोयाबीन. आसपास कोळशाच्या व चुनखडीच्या खाणी. येथील एखाद्या कोलाम पोडावर राहणाऱ्या शेतमजूर स्त्रीस ॲपने ‘वातप्रकृती’ असे म्हटले, तर त्या उत्तरावर तिचा आहार, औषध व मात्रा ठरवावी काय? आणि ठरवावयाची नसल्यास, न ठरविण्याचे कारण आपणास शास्त्रीय भाषेत सांगता येते काय?

देवळालीच्या शिक्षकाची संख्या

प्रथम गणिताकडे वळू, कारण तेथे प्रश्न सर्वांत स्वच्छ रूपात दिसतो. नाशिकजवळ देवळाली येथे शाळाशिक्षक असलेले द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी शोधलेली ६१७४ ही संख्या आज जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडावेत, मग चढत्या क्रमाने मांडावेत, आणि मोठीतून धाकटी वजा करावी. उत्तरावर पुन्हा हीच क्रिया करावी. उदाहरणार्थ ३५२४ घेतल्यास ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. पुढे ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. आणि ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. यानंतर कितीही वेळा क्रिया केली तरी ६१७४ हीच संख्या येत राहते. आरंभीची संख्या कोणतीही असो, सात पायऱ्यांच्या आत आपण येथेच येऊन पोहोचतो.

आता हा नियम पुढे नेऊन पाहा. तीन अंकी संख्यांत ४९५ ही अशीच स्थिर संख्या मिळते. दोन बिंदूंवरून रेघ ओढण्याची सवय असलेले मन लगेच म्हणेल, प्रत्येक अंकसंख्येला अशी एक संख्या असणारच. परंतु दोन अंकी संख्यांत तसे होत नाही. तेथे ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९ असे चक्र फिरत राहते. पाच अंकी संख्यांतही एक स्थिर संख्या मिळत नाही, चक्रेच मिळतात. म्हणजे चार अंकांत ज्याला एकही अपवाद नाही असा नियम एक अंक वाढताच लागू पडत नाही. कापरेकरांच्या शोधाला याने कमीपणा येत नाही. ‘चार अंकी’ हे दोन शब्द त्या नियमाच्या अंगाचाच भाग आहेत, ते गाळले तर नियमच उरत नाही, एवढेच यातून दिसते.

चार अंकी संख्या दहा हजारांहून कमी असल्यामुळे सर्व तपासता येतात आणि शंका उरत नाही. वैद्याला ही सोय कधीच मिळत नाही. त्याचा पुढचा रुग्ण अद्याप दारात आलेला नसतो.

व्याप्ती आणि उपाधी

आपल्या परंपरेत या प्रश्नाची चर्चा अनुमान प्रमाणाच्या प्रकरणात होते. जेथे धूर तेथे अग्नी, ही व्याप्ती. प्रथम वर्षात पदार्थविज्ञान शिकताना हे उदाहरण प्रत्येकाने पाठ केलेले असते आणि बहुतेकांनी परीक्षेनंतर ते सोडून दिलेले असते. वास्तविक त्या प्रकरणातील मोलाचा भाग पुढे आहे. हेच वाक्य उलटे करून ‘जेथे अग्नी तेथे धूर’ असे म्हटल्यास ते टिकत नाही, कारण तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर येण्यासाठी ओल्या इंधनाचा संयोग लागतो. नैयायिक यास उपाधी म्हणतात. ज्याने आजवर केवळ स्वयंपाकघरातील ओल्या लाकडांचा अग्नी पाहिला, त्याला हा नियम निरपवाद वाटेल. त्याच्या अनुभवात उपाधी सर्वत्र हजर असल्यामुळे ती त्याला दिसणारच नाही. लोहाराच्या भट्टीपाशी गेल्यावाचून त्याची चूक उघड होत नाही.

यंत्रशिक्षणाच्या क्षेत्रात, ज्यास सर्वजण मशीन लर्निंग म्हणतात, गेल्या काही वर्षांत नेमका हाच अनुभव आला. तेथील पद्धत थोडक्यात अशी : संगणकाला हजारो उदाहरणे उत्तरांसह दाखवितात आणि उदाहरण व उत्तर यांमधील संबंध त्याने स्वतः शोधावा असे पाहतात. शिकून झाल्यावर पूर्वी न दाखविलेली उदाहरणे देऊन त्याची परीक्षा घेतात. जुन्या प्रश्नपत्रिका तोंडपाठ केलेला विद्यार्थी त्याच प्रश्नांत शंभरपैकी शंभर मिळवितो आणि नवा प्रश्न येताच गोंधळतो. यंत्राचेही तसेच होते. म्हणून शिकण्याची उदाहरणे आणि परीक्षेची उदाहरणे कटाक्षाने वेगळी ठेवणे हा या विद्येतील पहिला शिष्टाचार आहे.

परंतु तेवढ्याने भागत नाही. २०१८ साली ‘प्लॉस मेडिसिन’ या नियतकालिकात अमेरिकेतील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. छातीच्या क्ष-किरण चित्रांवरून न्यूमोनिया ओळखावयास यंत्राला शिकविले होते. तीन संस्थांची मिळून सुमारे १ लाख ५८ हजार चित्रे वापरली होती. ज्या संस्थेच्या चित्रांवर यंत्र शिकले तेथील नव्या चित्रांवर त्याचे काम चांगले होते. दुसऱ्या संस्थेची चित्रे दिल्यावर पाचांपैकी तीन तुलनांत ते लक्षणीय घटले. शोध घेता असे आढळले की, चित्र कोणत्या रुग्णालयातून आले हे यंत्र जवळजवळ अचूक ओळखत होते. एका रुग्णालयाच्या चित्रांत न्यूमोनियाचे प्रमाण इतरांपेक्षा पुष्कळ जास्त होते. त्यामुळे चित्राच्या कडेवरील खुणेसारख्या, फुप्फुसाशी काहीही संबंध नसलेल्या गोष्टीवरून रुग्णालय ओळखावे आणि रुग्णालयावरून रोगाचा अंदाज बांधावा, हा सोपा मार्ग यंत्राला सापडला होता. उपाधीचे याहून बोलके उदाहरण एखाद्या तर्कग्रंथाच्या टीकाकारालाही रचता आले नसते! यंत्राने ओले लाकूड पाहिले होते आणि त्यालाच अग्नी समजले होते.

वढूचा अभ्यास

आता आपल्या घरच्या प्रश्नाकडे. प्रकृती आणि आधुनिक जीवशास्त्र यांचा मेळ घालण्याचे महत्त्वाचे काम महाराष्ट्रात झाले आहे. २००५ साली पुण्याचे प्रा. भूषण पटवर्धन, डॉ. कल्पना जोशी व डॉ. अरविंद चोपडा यांनी ७६ व्यक्तींची प्रकृती आणि त्यांच्या एचएलए या जनुकसमूहातील भेद यांची तुलना प्रसिद्ध केली. त्यात जनुकाचा एक प्रकार वातप्रकृतीच्या गटात एकाही व्यक्तीत आढळला नाही आणि दुसरा एक प्रकार कफप्रकृतीच्या गटात आढळला नाही. दिशा दाखविणारे म्हणून या कामाचे स्थान मोठे आहे. तथापि ७६ व्यक्ती तीन गटांत विभागल्यावर एका गटात ‘एकही नाही’ या विधानाचे वजन किती, याचा हिशेब करावयास हवा. तो पुढे येईल.

याच मार्गावरील अधिक अलीकडचे काम २०१७ साली ‘प्लॉस वन’ मध्ये आले. दिल्लीच्या इन्स्टिट्यूट ऑफ जीनॉमिक्स अँड इंटिग्रेटिव्ह बायॉलॉजी या संस्थेतील डॉ. भावना प्रशेर, डॉ. मिताली मुखर्जी व सहकारी आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे वढू येथील संशोधन केंद्र यांचे हे संयुक्त काम. पश्चिम भारतातील, जनुकीय दृष्ट्या एकसारख्या समूहातील १४७ निरोगी व्यक्ती घेतल्या. तिन्ही प्रकृतींपैकी एकेक दोष अतिशय ठळक असलेल्या. त्वचा, केस, बांधा, भूक, निद्रा, हालचाल अशा लक्षणांची नोंद यंत्राला दिली. प्रथम कोणाची प्रकृती कोणती हे यंत्राला सांगितलेच नाही. तरी केवळ लक्षणांच्या साधर्म्यावरून त्याने व्यक्तींचे तीन स्वाभाविक समूह पाडले आणि ते वैद्यांनी ठरविलेल्या तीन प्रकृतींशी जुळले. त्यानंतर वैद्यांची उत्तरे देऊन यंत्राला शिकविले आणि त्याची परीक्षा उत्तर भारतातील व्यक्तींवर घेतली.

या शेवटच्या वाक्याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण आपल्या क्षेत्रातील बहुसंख्य अभ्यासांत ते नसते. ज्या गावात नियम सापडला त्याच गावात तो तपासून समाधान न मानता संशोधक दुसऱ्या प्रदेशात गेले. म्हणूनच या अभ्यासाविषयी आदर वाटतो. आपल्याकडे ‘प्रकृती शास्त्रीय कसोटीवर सिद्ध झाली’ अशा शब्दांत त्याचा उल्लेख व्याख्यानांतून होतो, तो मात्र अभ्यासाच्या मर्यादेपलीकडचा आहे. अभ्यासात निरोगी व्यक्ती होत्या, आपल्या दारी रुग्ण येतात. अभ्यासात एकदोषप्रधान टोकाच्या प्रकृती होत्या; आपल्याकडे येणारे बहुतेक द्वंद्वज असतात. कापरेकरांच्या संख्येतील ‘चार अंकी’ या शब्दांचे जे स्थान, तेच येथे ‘निरोगी’ व ‘टोकाच्या’ या शब्दांचे.

पोडावरील प्रश्न

अभियानातील ॲप आणि वढूचा अभ्यास एक नव्हेत, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. तरी प्रकृती सांगणारे कोणतेही साधन कोठे तरी, कोणाच्या तरी अनुभवावर घडलेले असते, आणि झरी जामणीस नेताना विचारावयाचे प्रश्न तेच राहतात.

समजा प्रश्न आहे, ‘आपली भूक कशी आहे? अनियमित, तीव्र की मंद?’ पुण्याच्या नोकरदारास हा प्रश्न अग्नीविषयी आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत पहाटे भाकरी खाऊन निघालेल्या आणि सायंकाळी परतणाऱ्या मजूर स्त्रीस तो कामाच्या वेळेविषयी आहे. तिचे ‘अनियमित’ हे उत्तर खरेच आहे, पण त्यातून विषमाग्नी सिद्ध होत नाही. त्वचा रूक्ष आहे काय, याचे उत्तर उन्हात आठ तास काम करणाऱ्याकडून काय येणार? कृश बांधा वातामुळे की अपुऱ्या आहारामुळे, हे ॲपला कळण्याचा मार्ग नाही. भाषेचा प्रश्न तर त्याहून मूलभूत आहे. कोलामी ही द्राविड कुळातील भाषा; मराठी प्रश्नाचे उत्तर शेजारच्या माणसाने किंवा शाळकरी मुलाने अनुवाद करून दिले, तर नोंद कोणाची झाली? काम, ऊन, अन्नाची चणचण आणि दुभाषा या चारही गोष्टी येथे ओल्या इंधनाच्या जागी आहेत. त्यांच्यामुळे एका पोडावरील बहुतेकांना ‘वात’ असेच उत्तर आले, तर ती प्रकृतीची गणना नसून परिस्थितीची गणना ठरेल.

चरकाचार्यांनी दशविध परीक्षेत प्रकृतीबरोबर विकृती, सार, संहनन, प्रमाण, सात्म्य, सत्त्व, आहारशक्ती, व्यायामशक्ती व वय यांची गणना केली आणि देशाची परीक्षाही सांगितली, ती याचसाठी. सर्व भावांचे सामान्य हे वृद्धीचे व विशेष हे ऱ्हासाचे कारण, असे सूत्र देणारे आचार्यच प्रत्येक पुरुषाचा स्वतंत्र विचार करून औषध योजणाऱ्यास श्रेष्ठ भिषक् म्हणतात. आजचे संख्याशास्त्र याच दोन टोकांमध्ये काम करते.

या तालुक्याच्या संदर्भात एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. सांधे व हाडे दुखणे, पांडुता, कृशता, थकवा अशी तक्रार घेऊन तरुण रुग्ण आला तर वातव्याधीचे निदान करण्यापूर्वी सिकल सेलची तपासणी करून घ्यावी. विदर्भात या रोगाचे जनुक बऱ्याच प्रमाणात आढळते, आणि त्याचा इतिहासच घाईच्या सामान्यीकरणाचा इतिहास आहे. भारतात १९५२ साली नीलगिरीतील आदिवासींत तो प्रथम नोंदला गेला, त्यामुळे ‘हा आदिवासींचा रोग’ अशी समजूत रूढ झाली. नागपूर परिसरातून १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये नोंद आली आणि विदर्भात अनुसूचित जाती व इतर मागास वर्गांतही तो असल्याचे पुढे स्पष्ट झाले. दुसरी समजूत अशी की, भारतीय रुग्णांत हा रोग सौम्य असतो. तिला आधार होता : येथील जनुकीय प्रकारात गर्भावस्थेतील हीमोग्लोबिन जास्त टिकून राहते आणि ते काही अंशी संरक्षण देते. अन्य प्रदेशांतील आदिवासी रुग्णांविषयी हे बऱ्याच अंशी खरेही होते. परंतु नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांनी आपल्याकडील मुलांची माहिती २०१२ साली प्रसिद्ध केली तेव्हा त्यांत तीव्र स्वरूपाचा आजार असलेली मुले बऱ्याच संख्येने आढळली. ‘भारतात सौम्य’ हा नियम विदर्भातील मुलापाशी येऊन अडला. वेदनेने तळमळणाऱ्या मुलाला ‘आपल्याकडे हा आजार सौम्य असतो’ असे ऐकावे लागणे, ही सामान्यीकरणाची किंमत आहे.

१ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन अभियान सुरू झाले असून ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी व्यक्तींची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट आहे. आपल्या रुग्णाकडे तपासणीचे कार्ड आहे काय, एवढे विचारण्यास वैद्याचा अर्धा मिनिटही जात नाही. विद्राव्यता चाचणी केवळ चाळणी आहे. ती सकारात्मक आल्यास निश्चिती इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने होते, हेही ध्यानी असू द्यावे.

‘एकही अपाय नाही’ याचा अर्थ

मघाचा हिशेब आता पुरा करू. एखाद्या गटात एकही उदाहरण सापडले नाही, तर प्रत्यक्ष प्रमाण शून्यच आहे असे म्हणता येत नाही. संख्याशास्त्रात यासाठी एक सोपा नियम आहे : पाहिलेल्या व्यक्तींच्या संख्येने तीनास भागावे. जो भागाकार येईल तेवढे प्रमाण प्रत्यक्षात असूनही आपल्या दृष्टीस पडले नाही, असे घडू शकते. त्याहून जास्त असण्याची शक्यता मात्र अल्प, म्हणजे शंभरात पाचांच्या आत असते. पंचवीस व्यक्तींत एकही नाही म्हणजे प्रमाण १२ टक्क्यांपर्यंत असू शकते. तीनशे व्यक्तींत एकही नाही, तर एक टक्क्यापर्यंत.

हा हिशेब गुळवेलीस लावून पाहावा. २०२१ साली मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर त्यांना यकृताचा दाह झाला होता. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की वनस्पतीची ओळख पटविलेली नाही. टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाऐवजी टिनोस्पोरा क्रिस्पा ही तिच्यासारखी दिसणारी वेल असू शकते. पुढे देशातील १३ केंद्रांतील ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी अनेकांत स्वप्रतिरक्षेशी संबंधित यकृतविकाराची पार्श्वभूमी असावी असे त्या लेखकांचे मत आहे.

आपल्या वर्तुळांत यावर दोन प्रतिक्रिया ऐकू आल्या. ‘आम्ही आयुष्यभर गुडूची देत आलो, एकालाही काही झाले नाही’ ही एक. आणि ‘हे सारे आयुर्वेदाविरुद्धचे कारस्थान’ ही दुसरी. दुसरीविषयी न बोललेले बरे. पहिली मात्र प्रामाणिक आहे आणि तिचे उत्तर वरच्या नियमात आहे. एखाद्या वैद्याने तीन हजार रुग्णांना गुडूची दिली आणि एकालाही अपाय झाला नाही, तर अपायाचे प्रमाण हजारी एकाहून जास्त नसावे, एवढेच तो विश्वासाने म्हणू शकतो. आता समजा प्रत्यक्ष प्रमाण दहा हजारांत एक आहे. त्या वैद्याला आयुष्यात एखादा रुग्णही दिसणार नाही, आणि एक कोटी लोकांनी तीच वनस्पती घेतली तर एक हजार लोकांना अपाय होईल. वैद्याचा अनुभव आणि यकृततज्ज्ञाचा अनुभव एकाच वेळी खरे असू शकतात. हे आकडे केवळ हिशेबासाठी धरले आहेत, गुळवेलीचे खरे प्रमाण म्हणून नव्हे.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा वेगळा आहे. वैद्याने गुडूची दिली ती रुग्णाची परीक्षा करून, मात्रा ठरवून, ठराविक दिवस. कोविडच्या काळात लोकांनी ती घेतली ती परीक्षेवाचून, मिळेल त्या मात्रेत, महिनोन्‌महिने, अंगणातील किंवा कुंपणावरील वेल तोडून. पहिल्या परिस्थितीतील निरपायता दुसऱ्या परिस्थितीस लावणे म्हणजे चार अंकी संख्येचा नियम पाच अंकांस लावणे होय. गुळवेलीवर बोलताना वैद्यवर्गाने हा भेद ठामपणे मांडावयास हवा होता. तो मांडला असता तर ‘निसर्गातील वस्तू सर्वांना सदैव सुरक्षित’ या बाजारी विधानाशी आपले नाव जोडले गेले नसते, आणि यकृतविकाराचा इतिहास असलेल्या रुग्णास सावध करण्याचे कर्तव्यही पार पडले असते.

गोणीतील मूठभर

औषधनिर्मात्यांस हा प्रश्न दररोज भेटतो, मात्र वेगळ्या वेषात. कारखान्यात साठ गोणी अश्वगंधा येते. प्रयोगशाळेत जाते ती मूठभर. त्या मुठीवरून साठ गोणींविषयी बोलणे हेही सामान्यीकरणच. येथे त्याच्या रीती निश्चित केलेल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार पाच गोणी असल्यास पाचही, सहा ते पन्नास असल्यास पाच आणि पन्नासहून अधिक असल्यास दहा टक्के गोणींतून नमुना घ्यावयाचा असतो. त्यासाठी गोणींची एकूण संख्या आधी दहाच्या पटीत वर घ्यावी, म्हणजे साठ गोणींसाठी सहा. शिवाय प्रत्येक गोणीतून वरचा, मधला व तळाचा असे तीन नमुने घेऊन ते एकत्र करावेत, ढीग सपाट करून त्याचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकावेत आणि उरलेल्यांवर हीच क्रिया पुन्हा करावी. तळाशी माती व चूर्ण साचते आणि वर चांगला माल दिसतो, हे व्यापाऱ्यांस शिकवावे लागत नाही. केवळ वरून मूठ घेणारा तपासनीस मात्र रुग्णालयाच्या खुणेवरून न्यूमोनिया ओळखणाऱ्या त्या यंत्राचाच भाऊ ठरतो.

शेड्यूल टी २००० साली लागू झाल्यापासून कच्च्या मालाची नोंद ठेवणे बंधनकारक आहे. बहुतेक ठिकाणी ती ‘गुळवेल, अमुक किलो, अमुक व्यापारी’ एवढीच असते. तीत संकलनाचे ठिकाण, ऋतू, चढलेल्या झाडाचे नाव आणि खोडाचा एक वाळवलेला तुकडा जोडला, तर पुढे आक्षेप आल्यास उत्तर देता येते. क्रिस्पाच्या खोडावर गाठींसारखे उंचवटे असतात, कॉर्डिफोलियाच्या खोडावर तसे नसतात. एवढ्या ओळखीसाठी प्रयोगशाळाही लागत नाही.

वैद्यांसाठीही अशीच एक छोटी नोंदवही सुचवावीशी वाटते. ॲपने सांगितलेली प्रकृती आणि आपण परीक्षेने ठरविलेली प्रकृती शेजारी शेजारी लिहावी. प्रश्न कोणत्या भाषेत विचारले, उत्तर कोणी दिले, हंगाम कोणता, रुग्णाचे काम कोणते, सिकल सेलची तपासणी झाली आहे काय, ही पाच टिपणे तिच्यापुढे असावीत. आपली नोंद मात्र ॲपचे उत्तर पाहण्यापूर्वी करावी, अन्यथा तुलनेस अर्थ राहणार नाही. शंभर रुग्णांच्या अशा नोंदी झरी जामणीतून, शंभर वढूसारख्या ठिकाणाहून आणि शंभर कोकणातून जमल्या, तर दोन प्रकृतींत मेळ कोठे बसतो आणि कोठे सुटतो हे दिसू लागेल. पैकी झरी जामणीच्या शंभरांची सुरुवात वेचणीच्या हंगामात न करता उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडावर, अशा दोन वेळा करावी, आणि कोलामी जाणणारी व्यक्ती सोबत असावी.